जाड नळी हलकी कशी?

आमच्या राजेंद्रनगरच्या घरात जिन्याखाली दोन सायकली उभ्या असतात. एक वडिलांची. काळी, दांडीची, ब्रेकला तारांऐवजी सळया असलेली, मागे दणकट कॅरियर. इंदूरच्या कापडगिरण्यांचे भोंगे ऐकून लोक घड्याळं लावत, त्या दिवसांतली. दुसरी भाच्याची. गिअरची, निळी चकचकीत, गेल्या दिवाळीला घेतलेली. वडिलांच्या सायकलीची दांडी अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात आरामात बसते. भाच्याच्या सायकलीच्या खालच्या नळीभोवती मूठ आवळली, तर माझी बोटं एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत.

पावसाळ्यात जिन्याखाली पाणी आलं आणि दोन्ही सायकली गच्चीवर न्यायची वेळ आली. भाच्याची मी एका हाताने उचलून नेली. वडिलांची न्यायला आम्ही दोघं लागलो. वर पोचल्यावर भाचा धापा टाकत म्हणाला, "मामा, हे उलटं नाही का? जाडी आहे ती जड असायला पाहिजे."

मग तोच खाली जाऊन फ्रिजवरचं खजराना गणपतीचं चुंबक घेऊन आला. काळ्या सायकलीच्या दांडीला ते टक्कन चिकटलं. निळ्या सायकलीवरून घसरून पडलं. "ॲल्युमिनियम! हलका धातू, म्हणून हलकी सायकल," असं म्हणून त्याने प्रश्न निकालात काढला.

माझ्या मते प्रश्न तिथे सुरू होतो. वडिलांच्या सायकलीतली प्रत्येक नळी काढून तिच्या जागी तेवढ्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी बसवली, तर सायकल हलकी होईल, पण तिच्यावर बसवणार नाही. चढावर उभं राहून पॅडल मारलं की ती वेताच्या मोड्यासारखी डुलेल.

एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण दुकानात ते एकाच पिशवीत टाकले जातात: हलकेपणा, ताठपणा आणि मजबुती.

हलकेपणा सोपा. एक लिटर मापाचं भांडं पोलादाने भरीव भरलं तर वजन ७.८५ किलो, ॲल्युमिनियमने भरलं तर २.७ किलो. साधारण एकतृतीयांश.

ताठपणा म्हणजे भार पडल्यावर वस्तू किती वाकते. मजबुती म्हणजे किती भाराला ती कायमची वाकते किंवा तुटते. या दोन गोष्टी एक नाहीत. भाजलेला पापड ताठ असतो, पण मजबूत नसतो. वेताची छडी ताठ नसते, पण सहजी मोडत नाही, हे आमच्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना तळहातावर शिकवलेलं आहे.

आता ताठपणात पोलाद आणि ॲल्युमिनियमची तुलना केली की निसर्गाची गंमत दिसते. एकाच मापाच्या दोन सळया घ्या आणि टोकाला सारखंच वजन टांगा. ॲल्युमिनियमची सळई जवळजवळ तिप्पट वाकते. म्हणजे वजन एकतृतीयांश आणि ताठपणाही एकतृतीयांश. किलोला किलो मोजलं तर दोघं बरोबरीत. टायटॅनियमचंही तेच, वजन मधलं आणि ताठपणाही मधला. जणू कुणी तरी तराजूत बसूनच हे धातू केले.

आणखी एक गोष्ट, जिथे चांगले मेकॅनिकही फसतात. पोलाद फाटकाच्या गजाचं असो की महागड्या सायकलीचं, ताठपणा जवळपास सारखाच असतो. महागडं पोलाद, उदाहरणार्थ ज्याला 'क्रोमोली' म्हणतात ते (लोखंडात थोडं कार्बन, सुमारे एक टक्का क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम), जास्त मजबूत असतं, जास्त ताठ नसतं. मजबूत असल्याने त्याची नळी पातळ करता येते आणि वजन तिथे वाचतं.

बांबूचं गणित

धातू बरोबरीत, तरी भाच्याची सायकल हलकीही आहे आणि ताठही. मग फरक कुठून आला? नळीच्या आकारातून.

वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि पेन्सिलीएवढी घट्ट सुरळी करा. दुसरं पान मनगटाएवढं सैल गुंडाळून चिकटवा. कागद तेवढाच, वजन तेवढंच. दोन्ही सुरळ्या दोन खुर्च्यांच्या मध्ये आडव्या ठेवून हलकंसं दाबा. जाड सुरळी कमी वाकते. बांबूला हे कोट्यवधी वर्षांपासून माहीत आहे. तो आतून पोकळ राहतो आणि सगळा माल कडेला ठेवतो.

कारण असं. नळी वाकते तेव्हा तिची एक बाजू दाबली जाते आणि समोरची ताणली जाते. मधोमध एक रेषा अशी असते, जिथे दाबही नाही आणि ताणही नाही. तिथला धातू लग्नातल्या काही वऱ्हाड्यांसारखा असतो, पंगतीला हजर, कामाला गैरहजर. माल जितका मधल्या रेषेपासून दूर, तितका जास्त उपयोगी. हिशेब सांगतो की नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं आणि ताठपणा आठपट.

म्हणजे सौदा व्यासात आहे. तीन आकडे पाहा.

[चौकट: एक मीटर नळीचा हिशेब]
पोलादी नळी: बाहेरचा व्यास २८.६ मिमी, भिंत ०.९ मिमी. वजन सुमारे ६१५ ग्रॅम. हिचा ताठपणा १०० धरू.
त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी: वजन सुमारे २१० ग्रॅम. ताठपणा ३४.
जाड ॲल्युमिनियमची नळी: बाहेरचा व्यास ४० मिमी, भिंत १.६ मिमी. वजन सुमारे ५२० ग्रॅम. ताठपणा जवळजवळ १६०.

तिसऱ्या ओळीत भिंत पोलादापेक्षा जाड आहे, व्यास मोठा आहे, तरी वजन पंधरा टक्क्यांनी कमी आणि ताठपणा दीडपटीहून जास्त.

इथे चलाख वाचक विचारेल की मग पोलादाचीच नळी जाड का करत नाहीत? आठपटीचा फायदा पोलादालाही मिळेलच की. मिळेल, पण वजन न वाढवता व्यास वाढवायचा तर भिंत पातळ करावी लागते, आणि पोलाद मुळात जड असल्याने ती फार लवकर फार पातळ होते. थंड पेयाचा रिकामा डबा आठवा. सरळ उभा ठेवून त्याच्यावर जपून पाय दिला तर तो माणसाचं वजन पेलू शकतो, पण कुणी बाजूला बोट टोचलं की क्षणात चपटा होतो. सायकलीची नळी अशी झाली तर स्टँडवर शेजारच्या सायकलीचं हँडल लागूनच पोचे पडतील.

ॲल्युमिनियमचा खरा फायदा मला यात दिसतो. हलका धातू म्हणजे परवडणारी जाडी. तेवढ्याच वजनात भिंत तिप्पट जाड मिळते, म्हणून व्यास वाढवायला वाव राहतो.

सायकलवाल्यांना हे कळायला वेळ लागला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये 'व्हिटस ९७९' नावाची ॲल्युमिनियमची शर्यतीची सायकल निघाली. नळ्या पोलादी सायकलीसारख्याच बारीक होत्या. ती हलकी होती, काहींना फार आवडायची, पण दणकट पायाच्या स्वाराखाली चांगलीच लवायची. त्याच सुमारास अमेरिकेत गॅरी क्लाइन जाड नळ्यांचे प्रयोग करत होता. १९८३मध्ये कॅननडेल कंपनीने जाड नळ्यांची सायकल बाजारात आणली आणि लोक म्हणू लागले, ॲल्युमिनियम फार कडक असतं बुवा! धातू तोच. आधी तो मऊ म्हणून बदनाम झाला, मग कडक म्हणून.

पीथमपूरची नळी

हे गणित आमच्या दारातच दरवर्षी प्रत्यक्षात उतरतं. इंदूरजवळच्या पीथमपूरला, धार जिल्ह्यात, वाहनांच्या चाचणीचं मोठं केंद्र आहे, नॅट्रॅक्स. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान धावमार्ग २०२१च्या जूनमध्ये सुरू झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं होतं. मला त्याहून मजा वाटते ती पीथमपूरच्या मातीत २००७पासून होत आलेल्या 'बाहा' स्पर्धेची. देशभरातली अभियांत्रिकीची मुलं स्वतः बांधलेल्या, खडकाळ रस्त्यावर चालणाऱ्या चारचाकी गाड्या घेऊन येतात आणि शेवटी चार तास त्या अक्षरशः उधळतात.

या गाड्यांत चालकाभोवती नळ्यांचा पिंजरा असतो. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा तोच. त्याच्या मुख्य नळ्यांविषयी नियम सांगतो की त्या पोलादाच्याच हव्यात, कार्बन किमान ०.१८ टक्के हवं, बाहेरचा व्यास २५.४ मिमी आणि भिंत ३.०५ मिमी. किंवा दुसऱ्या मापाची पोलादी नळी चालेल, पण वाकण्यातला तिचा ताठपणा आणि मजबुती या नळीपेक्षा कमी नको आणि भिंत १.५७ मिमीपेक्षा पातळ नको.

या 'किंवा'मध्ये मुलांची परीक्षा असते. समजा एखाद्या संघाने ३१.७५ मिमी व्यासाची आणि १.६५ मिमी भिंतीची नळी निवडली. हिशेब केला तर ती मूळ नळीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त ताठ निघते आणि मीटरमागे १.६८ किलोऐवजी १.२२ किलो भरते. पुन्हा बांबूच. आणि ती १.५७ची अट कशासाठी? उत्साहाच्या भरात कुणी थंड पेयाचा डबा बांधून आणू नये म्हणून.

पण ॲल्युमिनियमला पिंजऱ्यात प्रवेश का नाही? वजन वाचवायला आसुसलेल्या मुलांना ते हवंच असणार. उत्तरासाठी आपल्याला वेल्डिंगच्या दुकानात जावं लागेल.

लाल न होणारा धातू

भाच्याच्या एका मित्राच्या सायकलीची फ्रेम सीटच्या खाली तडकली. ॲल्युमिनियमची होती. आम्ही ती घेऊन लोहामंडीकडच्या एका वेल्डरकडे गेलो. त्याने आधी कानशीने रंग खरवडला, चमक पाहिली आणि कानशी खाली ठेवली. "भिया, इसको हाथ नहीं लगाऊँगा. टपक जाएगा."

त्याच्या 'टपक जाएगा'मध्ये बरंच धातुशास्त्र आहे. पोलाद तापवलं की ते बोलतं. आधी काळपट लाल, मग चेरीसारखं लाल, मग नारिंगी, मग पिवळं, आणि साधारण १५०० अंशांच्या आसपास वितळतं. वेल्डर रंगाकडे बघून हात आवरतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोवर त्याचा रंग बदलल्याचं डोळ्यांना कळतच नाही. चांदीसारखं दिसत असतं, दिसत असतं, आणि एकदम थेंब होऊन जमिनीवर. त्यात वर एक खोडी आहे. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप एक अतिपातळ पापुद्रा बसतो, आणि तो पापुद्रा वितळायला दोन हजारांहून जास्त अंश लागतात. म्हणजे आतलं पाणी झालं तरी वरची साय घट्टच. ती फोडायला उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह, आर्गॉन वायूचं आवरण आणि सरावलेला हात लागतो.

हे सगळं असलं तरी अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं समजायला घरातली सतरंजी पुरे.

जड सतरंजी अख्खी ओढायची तर दम लागतो. त्यापेक्षा एका टोकाला सुरकुती पाडून ती पायाने पुढे पुढे सरकवत नेली, तर सतरंजी सहज हलते. धातू कायमचा वाकतो तेव्हा आत असंच होतं. अणूंचे थर एकदम सरकत नाहीत, त्यांच्यातली सुरकुती सरकते. म्हणून शुद्ध ॲल्युमिनियम इतकं मऊ की आजीच्या भाषेतलं 'जर्मनचं पातेलं' ओट्यावर आपटलं तरी त्याला पोचा पडतो. आता सतरंजीवर जागोजागी लहान दगड ठेवा. सुरकुती अडते.

फ्रेमसाठी नेहमी वापरतात त्या ६०६१ नावाच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून दीड टक्क्याच्या आसपास असतं. फ्रेम सुमारे ५३० अंशांना तापवली की ते ॲल्युमिनियममध्ये विरघळतं, गरम पाकात साखर विरघळावी तसं. मग फ्रेम झटकन पाण्यात बुडवतात, म्हणजे त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. त्यानंतर पावणेदोनशे अंशांच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवलं की त्या दोघांचे अतिसूक्ष्म कण सगळीकडे सारखे तयार होतात. हेच ते दगड. मऊ धातू असा ताठ मानेने उभा राहतो.

वेल्डिंगची धग लागली की सांध्याच्या आसपासचे हे कण एकत्र येऊन मोठे होतात. दगड तेवढेच, पण एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलेले. सतरंजी पुन्हा मोकळी. सांध्यालगतच्या पट्ट्यात मजबुती निम्म्याच्या आसपास उतरू शकते. कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालतात. (७००५ नावाचा एक मिश्रधातू पाण्यात बुडवण्याच्या कटकटीशिवाय भागवतो, म्हणून तोही सायकलवाल्यांचा आवडता.) गल्लीतल्या दुकानात भट्टी कुठली? सांधा वरून सुबक दिसेल, शेजारचा धातू मात्र पातेल्याचा झालेला असेल.

बाहाच्या पिंजऱ्यात ॲल्युमिनियम का नाही, ते मला इथे कळतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री दोन वाजता मुलांनी मारलेला पोलादी सांधा बराच विश्वासाचा असतो. शिवाय पोलाद तुटण्याआधी भरपूर वाकतं आणि उलटण्याचा धक्का त्या वाकण्यात जिरतो.

वडिलांच्या सायकलीत तर वेल्डिंगच नाही. नळ्यांची टोकं लोखंडी सांध्यांत खोचून फटीत वितळलेलं पितळ ओतलं आहे. पितळ पोलादाच्या बरंच आधी वितळतं, त्यामुळे नळी स्वतः कधी वितळलीच नाही. नीट पाहिलं तर रंग उडालेल्या जागी सांध्याच्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ अजून दिसते.

दहा लाख पॅडलं

मिनिटाला साठ फेऱ्यांनी पॅडल मारलं तर तासाला ३,६०० फेऱ्या आणि दोन पायांचे ७,२०० दाब. रोज एक तास सायकल चालवणारा माणूस पाच महिन्यांच्या आत फ्रेमला दहा लाख वेळा वाकवतो. प्रत्येक वेळी केसाएवढंच, पण वाकवतो.

अशा लहान लहान वाकण्यांनी धातू थकतो, हे रेल्वेच्या आसांनी शिकवलं. जो भार आसाने सहज पेलायला हवा, त्याहून कितीतरी कमी भाराखाली तो हजारो मैल धावून अचानक तुटे. जर्मनीत ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने १८५०-६०च्या दशकांत आस फिरवून फिरवून तोडले आणि एक विलक्षण गोष्ट नोंदली. एका ठरावीक ताणाच्या खाली राहिलं, तर पोलाद कितीही फेऱ्या झाल्या तरी तुटत नाही. त्या मर्यादेच्या आत त्याला थकवा येतच नाही.

ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण कमी केला की आयुष्य वाढतं, खूप वाढतं, पण अमर होत नाही. १९५४मध्ये 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी विमानं हवेत फुटली, त्यामागे खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांशी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आलेला हाच थकवा होता. तरी त्यानंतरही विमानं ॲल्युमिनियमचीच होत राहिली. फक्त उड्डाणं मोजायची आणि तडे शोधायचे, अशी शिस्त लागली.

सायकल बनवणारे ताण मुळातच इतका कमी ठेवतात की चांगली ॲल्युमिनियमची फ्रेम बहुतेक मालकांचा उत्साह संपेपर्यंत टिकते. नळी जाड असण्याचं हे दुसरं कारण. "ॲल्युमिनियम पाच वर्षांत तुटतं" हे मी ऐकलंय, मला ते पटत नाही. मात्र जुनी फ्रेम विकत घेताना माझा हात आपोआप दोन जागी जातो: हँडलच्या नळीखालचा सांधा आणि पॅडलच्या वरचा सांधा. ओल्या फडक्याने पुसून उजेडात तिरपं पाहायचं. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नखाने चाचपायची. नख अडलं तर व्यवहार तिथेच संपला. तडा पोलादालाही जातो, पण पोलाद सहसा कुरकुर करून थोडी मुदत देतं.

फार ताठ असणंही बरं नाही

भाच्याचं मन हल्ली डर्ट बाइककडे वळलंय. त्याचा प्रश्न चांगला होता: जपानी कंपन्यांच्या मोटोक्रॉसच्या गाड्या ॲल्युमिनियमच्या, मग केटीएम पोलादाला का चिकटून आहे?

१९९७मध्ये होंडाने सीआर२५०आर ही गाडी ॲल्युमिनियमच्या फ्रेमसह आणली. इंजिनाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे दोन जाड खांब. दिसायला देखणी. पण स्वारांचे हात भरून येऊ लागले आणि वळणात पुढचं चाक खड्ड्यांवरून टणाटण उडू लागलं. गाडी मजबुतीत कमी पडली नव्हती. ती फार ताठ झाली होती.

सरळ रस्त्यावर खड्डा आला की धक्का खालून वर येतो आणि शॉकॲब्सॉर्बर त्याच दिशेने दबतो. वळणात गाडी तिरपी असते, खड्ड्याचा धक्का मात्र सरळ वर येतो. शॉकॲब्सॉर्बरची रेघ एकीकडे, धक्क्याची दुसरीकडे. आडव्या दिशेने आलेला तो भाग पचवायला फ्रेम किंचित लवावी लागते. होंडाने २०००मध्ये फ्रेम नव्याने आखली, मुद्दाम थोडी लवणारी. २००५-०६पर्यंत इतर जपानी कंपन्याही ॲल्युमिनियमवर आल्या.

ॲल्युमिनियमची एक सोय त्यांना मोहात पाडते, आणि इंदूरच्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. सोऱ्यात पीठ घालून दाबलं की चकतीला जसं भोक तशी शेव पडते. ॲल्युमिनियम साडेचारशे-पाचशे अंशांना असंच पिठासारखं दाबता येतं. चौकोनी, आतून पडदे असलेली, एका बाजूला जाड आणि दुसरीला पातळ, हवी तशी पोकळ शेव. म्हणजे कुठे ताठ आणि कुठे लवचीक हे चकतीतच ठरवता येतं.

केटीएमने हीच लवचिकता क्रोमोलीच्या बारीक नळ्यांत शोधली. तराजूवर त्यांच्या गाड्या जपानी गाड्यांपुढे जड ठरत नाहीत, आणि २००१ ते २०१९ या काळात झालेली प्रत्येक डाकार रॅली मोटरसायकल गटात त्यांनीच जिंकली. या ऑस्ट्रियन कंपनीशी पुण्याच्या बजाज ऑटोने २००७मध्ये भागीदारी केली, म्हणून चाकणला तयार होणाऱ्या ड्यूकच्या टाकीखाली तीच नळ्यांची जाळी दिसते. आपल्याकडे कच्च्या रस्त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या हिमालयन किंवा एक्सपल्ससारख्या गाड्यांच्या फ्रेमही पोलादीच आहेत. किंमत हे एक कारण. दुसरं म्हणजे स्पितीत किंवा आमच्या इंदूरजवळच्या चोरलच्या घाटापलीकडे जो वेल्डर भेटेल, त्याच्याकडे आर्गॉनची टाकी नसते.

सायकलीच्या 'कडकपणा'बद्दल मात्र मी धातूला फारसा दोष देत नाही. सायकलीची त्रिकोणी फ्रेम वरून पडलेल्या भाराखाली जेमतेम मिलिमीटरच्या अंशाने दबते, मग ती कशाचीही असो. टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. ज्याला ॲल्युमिनियमची सायकल पाठीत बसते, त्याने फ्रेम बदलण्याआधी थोडे रुंद टायर घालून हवा कमी करून पाहावी.

काळी माती, तांबडा गंज

माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल घातली की चाक आणि चिमटा यांच्यामध्ये लाडू वळले जातात आणि ते ओलं दिवसेंदिवस राहतं. पोलादाचा गंज फुगतो, पापुद्रे होऊन गळतो आणि खालचं नवं लोखंड उघडं करतो. ॲल्युमिनियमवरचा तो वेल्डरला छळणारा पापुद्रा इथे उपयोगी पडतो. तो गळत नाही, आतल्या धातूवर घट्ट बसून राहतो. पण ॲल्युमिनियमच्या फ्रेमात पोलादी सीटदांडी वर्षानुवर्षं ग्रीस न लावता ठेवली, तर ओलाव्यात दोन धातू एकमेकांशी अशी सोयरीक करतात की दांडी मग करवतीनेच निघते. पोलादी सायकलीची खरी भीती आतल्या गंजाची. पाऊस सीटच्या नळीतून आत उतरतो. वर्षातून एकदा सीट काढून, सायकल उलटी करून पाणी झटकायचं आणि आत तेलाचे चार थेंब सोडायचे. वडील दर दसऱ्याला हे करत. आम्हाला वाटायचं, पूजेचाच भाग आहे.

भाच्याची निळी सायकल गेल्या महिन्यात चोरलच्या उतारावर आडवी झाली. मागच्या गिअरचं यंत्र ज्या छोट्या पत्र्याला लटकतं, तो हँगर वाकला. मेकॅनिकने दोन स्क्रू काढून तो हातात दिला, सुपारी कातरायच्या अडकित्त्याच्या पात्याएवढा. पोलादी फ्रेमवर तो जोडलेलाच असता तर पान्याने पुन्हा सरळ केला असता. ॲल्युमिनियम असं मागेपुढे वाकवलं की तुटायला बघतं, म्हणून कंपनीनेच तो सुटा ठेवला आहे. पडल्यावर आधी त्याने वाकायचं आणि फ्रेमला वाचवायचं. पण प्रत्येक सायकलीचा हँगर वेगळा, आणि शहरात हा मिळेना. मागवावा लागला.

ते चार दिवस भाचा आजोबांच्या सायकलीवर क्लासला गेला. पहिल्या दिवशी घरी येऊन पाय चेपत बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, खड्डे कळतच नाहीत. मी त्याला टायरची रुंदी दाखवली. चौथ्या दिवशी हँगर आला, निळी सायकल नीट झाली. काळीच्या दांडीवरचं खजराना गणपतीचं चुंबक तेवढं अजून फ्रिजवर परत गेलेलं नाही.